गाडीला नको म्हणणारं गाव

आमच्या टोर्स्बीत कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. कॉफी असो, वडी असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ढकलायला मदत असो. पहिल्यांदा विचारलं की "छे छे, कशाला उगीच," दुसऱ्यांदा विचारलं की "अहो खरंच नको, तुमची धावपळ," आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धाच कप द्या," असं म्हणून दोन कप प्यायचे. देणाऱ्याने तीनदा विचारायचं, घेणाऱ्याने दोनदा नाकारायचं. उभ्या मिनेसोटात आमच्यासारखी रीतीची माणसं सापडायची नाहीत, असं आम्ही आपसांत म्हणतो. आर्डेल हॉगडालच्या एका मावसबहिणीने चर्चच्या तळघरात पहिल्याच विचारण्याला रूबार्बची वडी उचलली होती. त्याला कितीतरी वर्षं झाली, ती बिचारी वारलीसुद्धा, पण तिचं नाव निघालं की आर्डेल अजून ओठ आवळते.

या आर्डेलची मुलगी लिने. तिला गाडी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून तिचं सगळं अडलं होतं.

लिने मार्व्हिलच्या वृद्धाश्रमात कामाला. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, भरवायचं, आणि तेच तेच किस्से पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकायचे. नवरा तेलविहिरींवर काम करायला डकोटात गेला तो तिकडचाच झाला. घरात दोन पोरं आणि आर्डेल. मार्व्हिल टोर्स्बीपासून चांगलं लांब, आणि मध्ये बस नाही, काही नाही, नुसती बर्फाने झाकलेली शेतं. लिनेची जुनी व्हॅन थंडीच्या सुरुवातीलाच रस्त्यात धूर ओकून बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून ती गॉर्डीच्या दुधाच्या टँकरमधून कामाला जायची. गॉर्डी गोठ्यागोठ्यावर थांबत दूध भरून घ्यायचा, प्रत्येक ठिकाणी हवापाण्यावर बोलायचा आणि आठच्या सुमाराला तिला दारात उतरवायचा. वृद्धाश्रमाच्या बाई भल्या होत्या, त्यांनी हिवाळाभर चालवून घेतलं. पण आता त्यांनी सांगितलं की येत्या सोमवारपासून सकाळची पाळी सहाला सुरू. वेळेवर येता आलं तर जागा तुझीच, नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल. लिनेने काय सांगावं? "हो हो, काही काळजी करू नका." आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली.

आता गावात यावर इलाज नव्हता असं नाही. चर्चच्या शेजारी बंद पडलेला पेट्रोल पंप आहे. तिथे लोक आपल्या जुन्या गाड्या दान देतात, व्हर्लिन सॅथर आणि त्याच्यासारखे दोन-तीन निवृत्त मेकॅनिक त्या ठाकठीक करतात, आणि मग त्या कामावर जाणाऱ्या पण गाडी न परवडणाऱ्या कुटुंबांना मिळतात. पाद्रीबाबांनी हे काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं मायेने चालवलं. ते कुणाच्याही घरी जायचे, तीनदा विचारायचे, तिसऱ्यांदा किल्ली टेबलावर ठेवायचे आणि उठायचे. पण पाद्रीबाबा निवृत्त होऊन ऊन खायला अॅरिझोनाला गेले, आणि गाड्यांच्या या कामात त्यांच्या जागी आली रोझॅन दिपाल्मा.

रोझॅन न्यू जर्सीची. तिच्या मुलीने आमच्या गावातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून ती तिकडचं घर विकून इथे आली, आणि वर्ष व्हायच्या आत मुलगी-जावई टेक्सासला गेले. रोझॅन राहिली. बाई मनाची मोठी, कामाला वाघ, पण बोलणं म्हणजे अगदी टोकदार. जे मनात ते तोंडात. आणि तिचा समज असा की दुसऱ्याच्याही तोंडात असतं तेच त्याच्या मनात असतं. अशा बाईच्या हातात आमचं गाव दिलं म्हणजे काय होणार?

मंगळवारी तिचा लिनेला फोन आला. व्हर्लिनने एक गाडी तयार केली होती, मर्टिसबाईंची बुइक. मर्टिसबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. घर ते चर्च आणि चर्च ते घर यापलीकडे त्यांनी गाडी नेली नव्हती. आत अजून त्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. रोझॅन म्हणाली, "लिने, तुझ्यासाठी गाडी आहे. हवी का?"

लिनेच्या काळजाने उडी मारली. पण तोंड हे शेवटी आर्डेलच्या मुलीचं तोंड. त्याने परस्पर उत्तर देऊन टाकलं. "अगंबाई, छे छे, एवढी गाडी मला कशाला? दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

"बरं," रोझॅन म्हणाली. "कळवलंस ते बरं झालं." आणि फोन ठेवला.

लिने फोन हातात धरून उभीच राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली. हे पहिलं विचारणं झालं. दुसरा फोन बहुधा जेवणानंतर येईल.

संध्याकाळी आर्डेलने हॉटडिश केलं होतं, म्हणजे खाली खिमा, वर बटाटे, आणि पातेलं भट्टीतून बाहेर येतं तेव्हा कडांना कुरकुरीत करपलेलं. वाढताना कोपऱ्यातला तो करपलेला तुकडा आर्डेलने नेहमीप्रमाणे लिनेच्या ताटात टाकला. "मला नको गं, दाताला लागतो," म्हणाली. लिनेने फोनचं सांगितलं. आर्डेलने मान डोलावली. नको म्हणालीस ते उत्तम केलंस, असं तिचं मत पडलं. लगेच हो म्हणणं म्हणजे झडप घालणं. आता दुसऱ्या फोनलाही नको म्हण, पण जरा हळू आवाजात.

दुसरा फोन आलाच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी सकाळी नाही. लिने आंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर न्यायला लागली. शेवटी बुधवारी तिने स्वतःच केला. आधी हवेवर बोलली. मग वाऱ्यावर बोलली. मग रोझॅनच्या गुडघ्याची चौकशी केली. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ती गाडी... गेली का हो कुणाकडे?"

"कुठली जातेय," रोझॅन वैतागून म्हणाली. "तुझ्यानंतर आणखी दोन घरी विचारलं, दोघंही नको म्हणाले. मला वाटतं या गावात कुणाला गाडीच नकोय. चर्चच्या मंडळाने ठरवलंय, शनिवारी दुपारी मार्व्हिलचा जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन घेऊन जाईल. येतील त्या पैशांत गावातली दुसरी कामं होतील."

"हो का," लिने म्हणाली. "छान, छान." आणि फोन ठेवून भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली.

मला तर या मुलीचा रागच येतो. अगं, एक शब्द. दोन अक्षरांचाही नाही. पण मी तिच्या जागी असतो तरी तेच केलं असतं, आणि गावातल्या कुणीही तेच केलं असतं.

गुरुवारी सुट्टी होती. लिने खजूर आणि ओटच्या वड्यांचं तबक घेऊन पायी पंपावर गेली. ठरवून गेली होती की आज सुचवायचंच. सुचवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. बुइक दारातच उभी होती. लिनेने तिच्याकडे बघून "रंग किती छान आहे नाही?" म्हटलं. रोझॅन म्हणाली, हो. लिने म्हणाली की कुणाचं तरी नशीब उजळेल. रोझॅन म्हणाली, व्यापाऱ्याचं. लिनेने टँकरच्या बाकावर पाठ कशी धरते ते सांगितलं. रोझॅनने तिला शेकायची पिशवी आणून दिली. मग विचारलं, "कॉफी घेतेस?" लिने म्हणाली, "नको." रोझॅनने स्वतःपुरती कॉफी ओतली आणि तिच्यासमोर बसून प्यायला लागली. लिनेने आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं.

पण रोझॅन त्या दिवशी जरा हळवी झाली होती. वडी खाता खाता म्हणाली की काही कामाशिवाय माझ्याकडे आलेली तू पहिलीच. गेल्या वर्षी मी गावातल्या कितीतरी जणांना रविवारी जेवायला बोलावलं होतं. सगळे म्हणाले, येऊ की. मी दोन दिवस राबून लाझानिया केला, चर्चमधून खुर्च्या मागून आणल्या, मेजावर कापड घातलं आणि वाट बघत बसले. एक माणूस फिरकला नाही. मग मी समजून गेले, मी यांना आवडत नाही. आवडेनच असं थोडंच आहे, ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

लिनेने हातातली वडी खाली ठेवली. कारण तीसुद्धा म्हणाली होती, "येऊ की कधीतरी." आमच्याकडे त्याचा अर्थ येणार नाही असा होतो, हे लहान पोरालासुद्धा कळतं. ही बाई त्यावर विसंबून दोन दिवस राबली होती. आता त्या बाईकडे कुठल्या तोंडाने गाडी मागायची? लिने रिकामं तबक घेऊन बर्फ तुडवत घरी आली. तिला गाडीपेक्षा त्या खुर्च्यांचं जास्त लागलं, आणि मग गाडीचंही आठवून आणखी वाईट वाटलं.

शुक्रवारी टँकरमध्ये तिने गॉर्डीला सगळं सांगून टाकलं. गॉर्डीने पुढच्या गोठ्यापर्यंत विचार केला. मग म्हणाला, "हे बघ, न्यू जर्सीला माणसं एकदाच विचारतात. मी फौजेत असताना एक होता तिकडचा. त्याने मला सिगारेट विचारली, मी नको म्हटलं, तर त्याने पाकीट खिशात टाकलं. दोन वर्षं मी त्याच्या शेजारच्या खाटेवर बिनसिगारेटचा झोपलो." मग त्याने लिनेची तालीम घ्यायला सुरुवात केली. तो रोझॅन व्हायचा आणि विचारायचा, गाडी हवी का? लिने तोंड उघडायची आणि "छे" बाहेर पडायचं. मार्व्हिल येईपर्यंत कशीबशी ती एकदा हो म्हणाली, तेही खिडकीकडे तोंड करून. गॉर्डी म्हणाला, चालेल, पण उद्या तोंड तिच्याकडे कर.

इकडे त्याच दिवशी व्हर्लिन सॅथर बोलला. व्हर्लिन बोलतो ही गावात बातमी असते. गाडी कुणालाच नको, हे रोझॅनने त्याला बुधवारीच सांगितलं होतं. आणि ती बुइक त्याने मुद्दाम लिनेला नजरेसमोर ठेवून तयार केली होती, हीटर तेवढ्यासाठी नवा बसवला होता. दोन दिवस त्याने ते पोटात ठेवलं, कारण दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं बरं नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी टोपी घालून निघताना दारात थांबून म्हणाला, "इथं पहिलं उत्तर धरत नाहीत." आणि गेला. रोझॅन त्याच्यामागे बर्फात पळाली, त्याला हाताला धरून परत आणलं आणि एकेक शब्द ओढून काढत सगळी रीत समजून घेतली. असं म्हणतात की त्यानंतर ती बराच वेळ डोकं धरून बसली होती.

शनिवारी लिने पंपावर पोचली तेव्हा व्यापारी येऊन ठेपला होता. गाडी ओढून न्यायचा ट्रक बुइकच्या पुढ्यात उभा होता आणि तो माणूस साखळी काढत होता. व्हर्लिन कोपऱ्यात पाना पुसत होता. लिने कुणाकडे न बघता सरळ रोझॅनसमोर जाऊन उभी राहिली. ती काही बोलणार तेवढ्यात रोझॅननेच विचारलं.

"लिने, गाडी हवी का तुला?"

"हो," लिने म्हणाली. तोंड तिच्याकडे करून म्हणाली.

झालं, असं कुणालाही वाटेल. पण रोझॅनने व्हर्लिनकडे पाहिलं, आणि व्हर्लिनने छताकडे. नको म्हटल्यावर काय करायचं ते त्याने शिकवलं होतं. पहिल्या फटक्यात कुणी हो म्हटलं तर काय करायचं, याचा त्याला स्वतःलाच अनुभव नव्हता.

"नाही, कसं आहे," रोझॅन सावधपणे म्हणाली, "तुमच्यात पहिलं उत्तर धरायचं नसतं असं मला कळलंय. परवा माझं रडगाणं ऐकलंस, म्हणून मला बरं वाटावं म्हणून तर हो म्हणत नाहीस ना? खरंच हवी?"

लिनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिच्याजवळ एकच हो होता, रात्रभर सांभाळून आणलेला, आणि तो खर्ची पडला होता. "हो," ती पुटपुटली. "म्हणजे, तुम्हाला काही अडचण नसेल तर. नाहीतर राहू दे, माझं काय, मी कसंही..."

व्यापाऱ्याने साखळी बुइकच्या खाली सरकवली. व्हर्लिनने पाना खाली ठेवला.

"अडचण असेल तर नको?" रोझॅनने विचारलं. बिचारीला खरंच कळत नव्हतं. "मी आता शेवटचं विचारते हं, तिसऱ्यांदा. ही गाडी तुला हवी आहे का?"

"हवी आहे," लिने म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "अडचण असली तरी हवी आहे. सोमवारी सहाला मी कामावर नसेन तर माझी नोकरी जाईल. मला दोन पोरं आहेत, म्हातारी आई आहे. मी सगळा हिवाळा दुधाच्या टँकरमधून जातेय आणि वृद्धाश्रमातली माणसं म्हणतात माझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल तर असू दे. मलाच द्या. मंगळवारपासून मी दुसरं काही मनात आणलेलं नाही."

 टोर्स्बीत असं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. व्यापारी, तोही आमच्याच भागातला, इतका ओशाळला की गुडघ्यावर बसून आपली साखळी काढायला लागला. रोझॅनने खिशातून किल्ली काढून लिनेच्या हातात कोंबली आणि तिला मिठी मारली. आमच्याकडे मिठी मारायची पद्धत नाही, त्यामुळे लिने खांबासारखी उभी राहिली, पण तिचे डोळे वाहत होते.

"बये, एवढंच मंगळवारी सांगितलं असतंस तर?"

"मंगळवारी तुम्ही एकदाच विचारलंत," लिने नाक पुसत म्हणाली.

व्हर्लिन तोवर बुइकमध्ये बसून हीटर चालू करून आला होता. गाडी तापायला हवी ना. नंतर कळलं की त्याच दुपारी रोझॅनने बाकीच्या दोन घरी फोन करून, पुढच्या दोन गाड्या तुम्हालाच, असं प्रत्येकी तीन-तीनदा ठणकावून सांगितलं. त्यातला एक जण घाबरून तिसऱ्यांदाही नको म्हणणार होता, पण त्याच्या बायकोने फोन हिसकावून घेतला.

लिने गाडीत बसली. पेपरमिंटचा वास आला. काच खाली करून आभार मानणार तोच रोझॅन खिडकीशी वाकून म्हणाली, "पुढच्या रविवारी जेवायला ये. आईला, पोरांना घेऊन ये."

"येऊ की कधी..." लिनेच्या तोंडून निघालं, आणि ती थांबली. तिला त्या खुर्च्या आठवल्या. "किती वाजता येऊ?"

सोमवारी पहाटे बुइक पहिल्या झटक्यात सुरू झाली. लिने सहाच्या आधीच पोचली आणि आठवडाभर रोज पोचली. गॉर्डी म्हणाला, टँकर रिकामा रिकामा वाटतो, आणि मग ते बोलल्याचं त्यालाच अवघड झालं.

रविवारी निघताना आर्डेल दोनदा नको म्हणाली आणि तिसऱ्यांदा गाडीत बसली. वाटेत लिनेने तिला बजावलं. आई, ती एकदाच विचारते. व्हर्लिनने शिकवलंय खरं, पण विसरतेही. नको म्हणालीस तर उपाशी घरी येशील. आर्डेलने नुसते ओठ आवळले. सत्तरी उलटलेल्या बाईला कुणी जेवायला शिकवावं हे तिला मुळीच रुचलं नव्हतं.

रोझॅनच्या घरात शिरल्या शिरल्या भट्टीतल्या चीजचा वास आला. आणि पडवीत, कोटांच्या खुंटीखाली, चर्चच्या घडीच्या खुर्च्यांची चळत भिंतीला टेकून उभी होती. परत न्यायला मदत कुणाला मागायची हे तिला समजलं नव्हतं, म्हणून वर्षभर तिथेच. आर्डेल कोट काढता काढता त्या खुर्च्यांसमोर थबकली. तीही म्हणाली होती, येऊ की.

सगळे बसले. रोझॅनने लाझानियाचं मोठं पातेलं मध्ये आणून ठेवलं, कडा तडतडत होत्या. तिने आधी आर्डेलकडे पाहून विचारलं, "वाढू?"

आर्डेलचे ओठ सवयीने 'नको'च्या 'न'वर गेले.  आर्डेलने एकदा पडवीकडे पाहिलं, मग हातरुमाल मांडीवर पसरला आणि ताट पुढे केलं.

"वाढ," ती म्हणाली. "आणि तो कोपऱ्यातला करपलेला तुकडा दे. मला तोच आवडतो."

रोझॅनने काही विशेष न वाटता तो तुकडा काढून तिच्या ताटात घातला आणि पोरांकडे वळली. लिने मात्र आईकडे बघतच राहिली. घरी तो तुकडा इतकी वर्षं तिच्याच ताटात पडत होता.